मधलं वर्ष

चेतना कापगते बारावी चांगल्या गुणांनी पास झाली आणि घरीच राहिली, ही गोष्ट मुर्री गावात कोणाच्या पचनी पडेना. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधावर भेटेल तो तिच्या बापाला, योगराजला, थांबवून विचारी, "काऊन गा योगराज, पोरीनं ड्रॉप घेतला का?"

योगराज म्हणे, "ड्रॉप नाई. कामाले जाते. विमानाच्या कारखान्यात."

विचारणारा एकदा आभाळाकडे पाही, एकदा योगराजकडे, आणि धानाचा विषय काढी.

विमानाचा कारखाना वगैरे काही नव्हता. गोंदियाबाहेर एक धावपट्टी आहे. वैमानिक व्हायला आलेली मुलं तिथे लहान विमानं घेऊन दिवसभर शिवारावर चकरा मारत असतात. उतरायचं, पुन्हा उडायचं, पुन्हा उतरायचं. रोवणीच्या बाया त्या घरघरीला इतक्या सरावल्या आहेत, की वर मानसुद्धा करत नाहीत. त्या विमानांची देखभाल करणारी एक छोटी कंपनी कुंपणाच्या आत एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये काम करत होती. त्या शेडला हँगर म्हणत. चेतना तिथे वर्षभरासाठी लागली होती.

तिला तिथे पाठवलं होतं पुण्याच्या एका न्यासाने. बारावी झालेल्या आणि पुढे इंजिनीअरिंग किंवा विज्ञान शिकू पाहणाऱ्या मुलांना न्यास एक वर्ष खऱ्या कामाच्या जागी ठेवत असे. कुठे प्रयोगशाळेत, कुठे कारखान्यात. वर्ष नीट पार पाडलं, तिथल्या साहेबांनी चांगलं लिहून दिलं, की पुढच्या सगळ्या शिक्षणाची शिष्यवृत्ती. चेतनाने मुलाखतीत अशी काही बाजी मारली होती, की न्यासाच्या पुष्पांजली मॅडम तिला म्हणाल्या होत्या, "तू जाशील तिथं नाव काढशील."

तिने पहिली पसंती बंगळुरूला दिली होती, दुसरी हैदराबादला, तिसरी पुण्याला. निवडीचा मेल आला तेव्हा ती अंगणात भांडी घासत होती. राखेच्या हाताने तिने फोन उघडला आणि त्यात लिहिलं होतं, गोंदिया.

"का झालं व?" कुंदाबाईने, तिच्या आईने, विचारलं.

"काही नाई. निवड झाली."

"मंग अशी काऊन पायते?"

चेतनाने हातातलं पातेलं आपटलं. सगळ्या वर्गात तिलाच बाहेर जायची घाई होती आणि तिचंच वर्ष घरापासून स्कूटीच्या अंतरावर निघालं होतं. तिची जिवलग मैत्रीण आचल पुण्याला कॉलेजात गेली. टेकडीवरून, कँटीनमधून, कुठल्या कुठल्या चौकातून ती फोटो पाठवी. चेतना ते पाही, फोन उलटा ठेवी, आणि दोन मिनिटांनी पुन्हा उचलून पाही.

मुळातच तिला एका जागी बसवत नसे. जेवताना ती ताट घेऊन फिरे. एक पुस्तक अर्धं झालं की दुसरं उघडी. "ईच्या पायाले भिंगरी हाय," कुंदाबाई म्हणे, "इले नवरा पोस्टमनच पायजे." हँगरमधले पहिले महिने अशा मुलीला शिक्षेसारखे गेले. झाडायचं, तेलाचे ट्रे धुवायचे, काढलेले स्क्रू क्रमाने मांडायचे, कोणी काम करत असेल तर टॉर्च धरून उभं राहायचं. टॉर्च हलला तर हँगरचे मुख्य इंजिनीअर भूपेंद्र सर मान वर न करता म्हणत, "चेतना, सूरज एक जगह रहता है. तुम भी रहो."

भूपेंद्र सर मूळचे तिरोड्याकडचे. अर्धी नोकरी हैदराबादला काढून गावाकडे परत आलेले. घरी कुठली भाषा बोलत कोण जाणे, हँगरमध्ये हिंदीच बोलत. विमान दुरुस्त झालं, अशी सही करायचा परवाना त्यांचा एकट्याचा. त्यांची सही झाल्याशिवाय चाक हलत नसे. ते रागावत नसत, आणि चेतनाला त्याचाच जास्त राग येई.

न्यासाचा दुसरा मुलगा होता हिमांशू. नागपूरचा, बोलका, कोणाशीही तासाभरात दोस्ती करणारा. तो धावपट्टीजवळच एका खोलीत भाड्याने राहायचा. चेतनाला तो आवडायचा, कारण तोही कंटाळला होता आणि ते लपवत नव्हता.

"आपण इंजिनीअर होणार आहोत की धोबी, यार?" चिंध्या धुताना तो म्हणे.

डिसेंबरात बंगळुरूची एक जागा रिकामी झाली. चालकाशिवाय उडणारी विमानं तयार करणारी तिथली एक प्रयोगशाळा होती, आणि न्यासाने तिथे पाठवलेली मुलगी आजारी पडून घरी परतली होती. उरलेल्या महिन्यांसाठी कोणाला पाठवायचं, याचा विचार चालला होता. चेतनाने अर्ज केला. हिमांशूनेही केला. मग दोघांची एकमेकांशी बोलताना जरा अडखळ होऊ लागली. हसत होते, पण मोजून.

पुष्पांजली मॅडमचा निरोप आला : गुरुवारी संध्याकाळी काम सुटायच्या सुमाराला फोन करते.

त्या गुरुवारी एक विमान मोठ्या तपासणीसाठी उघडलं होतं. मागच्या सीट काढल्या होत्या, त्यांच्याखालच्या तळाच्या झडपा उघडल्या होत्या. त्या झडपांखालून लोखंडी तारा शेपटीपर्यंत जातात. वैमानिकाने दांडा ओढला, की त्या तारा ताणल्या जातात आणि विमानाचं नाक वर-खाली होतं. तारा कुठे झिजल्या आहेत का, हे पाहायला दांड्याचा आरसा लागतो. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसाच, फक्त दांडी हातभर. चेतना विमानात ओणवी होऊन तो आरसा अंधारात फिरवत होती. तिच्या खांद्यावरून सर आरशात पाहत होते.

"ठीक है. बंद करो," सर म्हणाले आणि दुसऱ्या विमानाकडे गेले.

हँगरमध्ये फोन आणायची मनाई होती. फोन बाहेरच्या कपाटात ठेवायचा. त्या दिवशी चेतनाने तो पॅन्टच्या खिशात ठेवला होता. झडप लावताना तिचं अर्धं लक्ष मांडीकडे होतं, कधी थरथरतो म्हणून. स्क्रू बसले, सीट बसल्या.

काम संपलं की हत्यारांची मोजणी होई. भिंतीवर एक मोठा टूल बोर्ड होता. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती लाल रंगाने काढलेली. हत्यार जागेवर नसेल तर लाल आकृती उघडी दिसे. एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने बोर्डाकडे बघत एकेक खात्री करायची. सगळं जागेवर आहे असं सांगितल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही.

हिमांशू वाचत होता. चेतना बघत होती. आणि फोन थरथरला.

"छोटा पाना."

"आहे."

"मोठा पाना."

"आहे."

"पकड. चिमटा. तारकटर."

"आहे, आहे, आहे."

"आरसा."

"आहे. पटकन वाच ना."

हिमांशूने पटकन वाचलं. शेवटचं "आहे" म्हणताना चेतना दाराबाहेर निघालीसुद्धा होती.

पुष्पांजली मॅडमचा आवाज प्रसन्न होता. समितीने चेतनाचं नाव पुढे केलं होतं. अजून एक सही बाकी होती, पण धरून चाल म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात निघायची तयारी ठेव. चेतना हँगरच्या मागे, जुन्या टायरांच्या ढिगाजवळ उभी होती. "हो मॅडम, हो मॅडम," एवढंच तिला म्हणता येत होतं. हिमांशूने लांबून तिचा चेहरा पाहिला, अंगठा वर केला आणि सायकल काढून निघून गेला.

घरी जाताना स्कूटीला पंख फुटले होते. कापलेल्या धानाच्या बांध्या, चुरण्याची, म्हणजे मळणीची, वाट पाहणारी पेंढ्यांची पुंजणी, थंडीची धूळ, सगळं तिला एकाएकी बरं वाटू लागलं. सोडून जायचं म्हटलं की गाव गोड लागतं.

कुंदाबाईने बातमी ऐकली आणि आधी रडली, मग चिडली. "थंडीत जाऊन राहिली, स्वेटर हाय का तुयाजवळ? अना तिथं भात कसा भेटते?" योगराज नुसता हसत होता. त्याने दोनदा विचारलं, "बंगलोरच ना? पक्कं?"

रात्रीचा स्वयंपाक चालला होता. चुलीवर वरणाचं पातेलं उतू जायला आलं आणि कुंदाबाई भिंतीच्या खिळ्याकडे वळली. खिळा रिकामा.

"सांडशी कोनं नेली? किती खेपा सांगतलं, जागच्या जागी ठेवत जा म्हनून!"

चेतना त्या रिकाम्या खिळ्याकडे पाहत राहिली. तिला टूल बोर्ड दिसला. उजवीकडे खाली, टॉर्चच्या शेजारी, लाल रंगाची एक लांब दांडी आणि तिच्या टोकाला लाल गोल. उघडा. तिने तो पाहिला होता. डोळ्यांनी पाहिला होता आणि तोंडाने "आहे" म्हटलं होतं.

ती अंगणात गेली आणि हिमांशूला फोन लावला.

"आरसा बोर्डावर नव्हता," ती म्हणाली.

"कोणता आरसा?"

"दांड्याचा. मी तो आतच विसरले बहुतेक. झडपेखाली."

हिमांशू म्हणाला, "बहुतेक म्हणजे? ट्रेमध्ये असेल. कुठं तरी पडला असेल."

"मी सरांना फोन करते."

"अगं थांब. डोकं ठिकाणावर आहे का? आत्ता सांगितलं तर सर लिहितील. न्यासाला जाईल. तुझं बंगळुरू गेलं समज. सकाळी लवकर ये, आपण दोघं मिळून गुपचूप शोधू. सापडला तर प्रश्नच मिटला."

"सकाळचं पहिलं उड्डाण त्याच विमानाचं आहे."

"म्हणून तर लवकर ये म्हणतोय."

चेतनाने फोन ठेवला. सरांचा नंबर काढला. लावला. रिंग वाजायच्या आत कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मग स्वतःला समजावलं, की हिमांशू म्हणतो तेच बरोबर. ट्रेमध्येच असेल. उगाच कशाला गावभर बोंब. ती आत येऊन जेवायला बसली, पण ताट तसंच उठलं. अंथरुणावर तिची कूस ठरेना. डोळा लागला की तिला तारा दिसत, आणि तारांच्या मध्ये काहीतरी चमकताना दिसे.

उजाडायच्या आधीच ती उठून स्कूटी काढू लागली. धुकं असं होतं, की अंगणातून रस्ता दिसत नव्हता. योगराज बैलांना वैरण टाकत होता.

"इतक्या सकाळी कायले जाऊन राहिली?"

तिला सांगायचं नव्हतं. पण "काम हाय" म्हणता म्हणता एका दमात सगळं निघालं. आरसा, फोन, बोर्ड, हिमांशू, बंगळुरू. योगराज वैरणीचा भारा हातात धरून ऐकत होता. त्याला त्यातलं अर्धंच कळलं असेल.

"त्या विमानात कोन बसते?" त्याने विचारलं.

"शिकणारे पोट्टे."

"अना तू सायबाले सांगतलं नाई."

"सापडला तं सांगायची गरजच..."

"नाई सापडला तं?"

चेतना स्कूटी अंगणाबाहेर ढकलू लागली.

योगराजने भारा खाली टाकला. "स्कूटी ठेव. या धुक्यात तू धडपडशीन. मी नेतो." मोटारसायकलला किक मारता मारता तो पुटपुटला. तिच्यावर रागावून की गाडीवर, कळत नव्हतं. "आपल्या बुढ्यांनी तलावं बांधले. बांधाच्या पाळीतून पानी झिरपताना दिसलं तं रातीच उठून जात. सकाळी गुपचूप पाऊ, असं कोनी म्हनत नव्हतं."

समोरून येणारी ट्रॅक्टरं ऐनवेळी धुक्यातून बाहेर पडत. योगराज हॉर्न वाजवत, पाय जमिनीला घासत चालवत होता. हळू जातोय म्हणून मागे बसलेल्या चेतनाला ओरडावंसं वाटत होतं आणि कधीच पोहोचू नये असंही.

फाटकावर पहारेकऱ्याने योगराजला अडवलं. चेतना ओळखपत्र दाखवून आत धावली. हँगर उघडा होता. विमान आत नव्हतं.

हिमांशू ट्रे पालथे घालत होता. त्याने तिला पाहून मान हलवली. "इथं नाही. आणि त्यांनी विमान बाहेर नेलं. मी काय बोलणार होतो?"

"सर?"

"बाहेर. पण चेतना, ऐक ना, धुकं आहे, अजून वेळ आहे..."

तिने ऐकलं नाही. बाहेर सिमेंटच्या फरसबंदीवर विमान उभं होतं. धुक्यामुळे उड्डाण अडकलं होतं. स्वप्निल नावाचा शिकाऊ वैमानिक आत बसून तयारी करत होता. त्याची एकट्याने उडायची पहिली पाळी त्याच सकाळी होती. दोन वेळा पुढे ढकललेली, म्हणून तो आधीच वैतागलेला. भूपेंद्र सर पंखाजवळ उभे राहून चहा पीत होते.

"सर," चेतना म्हणाली. धापेने तिला पुढचं बोलता येईना. "सर, आरसा आत आहे. मागच्या सीटखाली. मला वाटतं. फोन खिशात होता, मोजणीत मी खोटं बोलले. नव्हता, आणि मी आहे म्हणाले."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. चहाचा कप जमिनीवर ठेवला. मग सरळ विमानाच्या दारापाशी जाऊन त्यांनी स्वप्निलला हाताने इशारा केला. सगळं बंद. खाली उतर.

"सर, धुकं उठतंय!" स्वप्निल ओरडला. "आज तरी..."

"उतरो."

विमान ढकलत आत आणलं. सरांनी आधी इंजिनावरचं झाकण उघडायला लावलं. चेतना म्हणाली मागे आहे, तरी त्यांनी सगळं पाहायचं ठरवलं होतं. इंजिनात काही नव्हतं. दारात तीन-चार शिकाऊ वैमानिक पाठीवर बॅगा घेऊन उभे होते. बाहेर ऊन पडलं. इतकं स्वच्छ, की त्यांच्यातला एकजण मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "काय वेदर आहे!" स्वप्निल चेतनाजवळ येऊन दातओठ खात म्हणाला, "एका आरशासाठी? तुम्हाला माहिती आहे मी किती दिवस थांबलोय?"

ट्रेमागे उभा असलेला हिमांशू तिच्याकडे बघत नव्हता.

मग सीट निघाल्या. झडपांचे स्क्रू सरांनी स्वतः काढले, एकेक, तिच्याच हातात देत. ती ते क्रमाने मांडत होती. क्रम चुकला नाही. तिसरी झडप उचलली आणि सर ओणवे झाले. बराच वेळ तसेच राहिले. मग त्यांनी हात आत घातला आणि आरसा बाहेर काढला. दांडी तारेला टेकून पडली होती, गोल टोक तार जिच्यावरून फिरते त्या कप्पीच्या फटीशी.

स्वप्निलने भिंतीला हात टेकला.

सरांनी आरसा फडक्याने पुसला आणि चेतनाच्या हातात दिला. "लटका दो."

तिने तो बोर्डावर लटकवला. लाल रंग झाकला गेला.

"सर, काय झालं असतं?" तिने विचारलं.

"शायद कुछ नहीं," ते म्हणाले. जरा थांबून पुन्हा म्हणाले, "शायद." आणि त्यांनी तिला घरी जायला सांगितलं. किती दिवस, ते नंतर कळवू म्हणाले.

फाटकाबाहेर योगराज अजून तिथेच होता, मोटारसायकलवर आडवा बसून पहारेकऱ्याशी उन्हाळी धानाच्या बियाण्याचं बोलत. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि गाडी चालू केली.

सरांनी जसं घडलं तसं लिहिलं. मोजणीत हलगर्जी, हँगरमध्ये फोन, आणि सकाळी स्वतः येऊन सांगितलं. तिन्ही. बंगळुरूची सही झाली नाही. चौकशी होईपर्यंत चेतनाने हँगरमध्ये यायचं नव्हतं.

ते दिवस तिला कसे गेले, विचारू नये. मुर्रीत आता लोक बापाला न विचारता तिलाच विचारू लागले, "काय व, विमानवाल्यायनं काढलं का?" ती धान चुरायला गेली, आईशी भांडली, संक्रांतीला अर्धे लाडू करपवले. शहरातल्या कामाचं निमित्त काढून एकदा स्टेशनवर जाऊन बसली आणि हावड्याकडच्या, मुंबईकडच्या गाड्या जाताना पाहून आली. आचलचे फोटो तिने बघणंच सोडलं. सगळ्यांत वाईट म्हणजे वरून विमानं जात. दिवसभर. प्रत्येक घरघरीला तिची मान वर जाई.

चौकशी मोबाईलवरच झाली. पडद्यावर पुष्पांजली मॅडम आणि दोन अनोळखी माणसं. मॅडमचा आवाज या वेळी प्रसन्न नव्हता.

"आदल्या रात्रीच तुझ्या लक्षात आलं होतं?"

"हो."

"मग सकाळपर्यंत का थांबलीस?"

"भीती वाटली. बंगळुरू जाईल म्हणून."

"त्या रात्री कोणाशी बोलली होतीस?"

चेतना क्षणभर पडद्यावरच्या तीन चेहऱ्यांकडे पाहत राहिली. "वडिलांशी," ती म्हणाली. "सकाळी."

हिमांशूचं नाव का लपवलं, हे तिलाही कळलं नाही. चांगुलपणा नव्हता तो. सांगितलं असतं तर आपण दुसऱ्यावर ढकलतोय असं दिसलं असतं, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. आठवड्याने कळलं, बंगळुरूला हिमांशू चालला आहे. त्याने फक्त यादी वाचली होती. बोर्डाकडे बघायचं काम त्याचं नव्हतं. तो तिला न भेटता गेला. त्या दिवशी चेतनाने घरातली सगळी भांडी पुन्हा घासली, स्वच्छ असलेलीसुद्धा.

फेब्रुवारीत तिला परत बोलावलं. अट अशी, की जुलैपर्यंतचं वर्ष पुरं करायचं आणि शिष्यवृत्तीचा निर्णय तेव्हाच. भूपेंद्र सरांनी पहिल्या दिवशी तिच्या हातात झाडू दिला. जसं काही ती आजच लागली होती. मोजणीला तिला उभं करत नव्हते. ती हँगरच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून नव्या माणसांचं "है, है, है" ऐके आणि नखं कुरतडे. एकदा न राहवून तिने विचारलं, "सर, मला परत कधी?"

"जल्दी है?"

"हो," ती म्हणाली. "मला सगळ्याचीच घाई असते, सर. ती जात नाही."

सर पहिल्यांदा हसले. "मेरी भी नहीं गई. इसीलिए बोर्ड बनाया." आणि उन्हाळा लागेपर्यंत तिला थांबवलं.

एप्रिलमध्ये स्वप्निल पेढ्याचा डबा घेऊन आला. त्याचं शिक्षण संपलं होतं, दुसऱ्या दिवशी तो गाव सोडणार होता. सगळ्यांना देऊन झाल्यावर तो तिच्यासमोर डबा धरून उभा राहिला. "त्या दिवशी मी ओरडलो तुमच्यावर," तो म्हणाला.

"माझं चुकलं होतं."

"ते तर आहेच," तो म्हणाला, आणि दोघांनाही हसू आलं. "दोन घ्या."

जुलैच्या अखेरीस निर्णय आला. शिष्यवृत्ती मंजूर. पहिल्या वर्षाचा निकाल पाहून पुढे चालू ठेवू, अशी पुस्ती जोडलेली. बाकीच्या मुलांना तशी पुस्ती नव्हती, हे तिला चौकशी करून कळलं. ते काही दिवस तिला बोचलं. मग प्रवेशाची धावपळ सुरू झाली आणि बोचणं मागे पडलं. अमरावतीच्या सरकारी कॉलेजात यंत्र शाखेला जागा मिळाली. शेवटच्या दिवशी तिने सरांच्या पाया पडायला वाकताच ते मागे सरले आणि म्हणाले, "पढ़ाई में बोर होगा तो चिट्ठी लिखना. बोर तो होगा."

निघायच्या सकाळी कुंदाबाई पिशवीत चिवडा कोंबत होती, योगराज रिक्षा आणायला गेला होता, आणि चेतना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उगाच येरझारा घालत होती. तेवढ्यात फोनवर हिमांशूचा निरोप आला. "ऐकलं! मिळाली ना शेवटी! भारी यार. मला माहीतच होतं." पुढे हसणारे चेहरे.

तिने तो वाचला, फोन बॅगेत टाकला, पुन्हा काढला. लिहिलं, खोडलं. परत लिहिलं : "त्या रात्री तू मला गप्प राहा म्हणाला होतास, ते मी न्यासाला सांगितलं नाही. पण तू स्वतः एकदा तरी त्यांना सांगशील असं वाटलं होतं."

रिक्षा दारात आली. कुंदाबाई ओरडत होती, "चाल व, गाडी काय तुयासाठी थांबून राहीन?" चेतनाने निरोप पाठवला आणि उत्तराची वाट न पाहता बॅग उचलली.